चुकलेली लावण : केशरोपण आणि त्याची दुरुस्ती

आषाढात पाटणहून कोयनेच्या अंगाने वर जाऊ लागले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची लावण चाललेली दिसते. तरव्यातून उपटलेली रोपे मुठीत धरायची आणि दोन-तीन रोपांचा एकेक चूड चिखलात खोचत मागे सरकायचे. चूड फार जाड धरला, तर म्हातारी माणसे बांधावरून ओरडतात. या भागातल्या मुलांना आणखी एक गोष्ट न शिकवता ठाऊक असते. तरवा इंद्रायणीचा असला, तर तो कोणत्याही खाचरात लावा, लोंबी इंद्रायणीचीच येणार. खाचर बदलले म्हणून भाताची जात बदलत नाही.

डोक्याच्या मागच्या भागातले केस मुळासकट काढून टकलावर लावण्याच्या शस्त्रक्रियेला मराठीत 'केशरोपण' हा शब्द रूढ झाला, तो फार चपखल आहे. तिचे सारे शास्त्र या लावणीच्या नियमावर उभे आहे. फरक एवढाच, की भाताचे पीक चार महिन्यांत निघते आणि चूक झाली तरी पुढच्या वर्षी खाचर पुन्हा मोकळे मिळते. डोक्यावरची लावण मात्र तीस-चाळीस वर्षे तशीच उभी राहते आणि तिच्या भोवतीचे रान दरवर्षी थोडे थोडे ओसाड होत जाते. १९६० ते १९९० या काळात जगभर हजारो लोकांच्या डोक्यावर अशी लावण झाली. पुढे ती उपटून पुन्हा लावण्याचे एक स्वतंत्र तंत्रच शल्यविशारदांना उभे करावे लागले. त्याची ही हकीकत.

तिची सुरुवात आपल्याला पुण्यापासून करता येते. कावसजी नावाचा एक बैलगाडीवान इंग्रज फौजेबरोबर होता. १७९२ च्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्यात एका मराठी कुंभाराने त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्यातील क्रूसो आणि फिंडले हे दोन इंग्रज डॉक्टर तेव्हा हजर होते. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये या शस्त्रक्रियेचे वर्णन चित्रासह छापून आले. कुंभाराने आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतले, तो कपाळावर सपाट पसरून त्याची रेघ आखली आणि तेवढी कातडी सोडवली. दोन भुवयांच्या मध्ये मात्र तिचा एक दुवा तसाच ठेवला, म्हणजे तेथून रक्त येत राहील. मग ती कातडी उलटी फिरवून नाकाच्या जागी बसवली आणि वर काथ लावलेल्या कापडाच्या पट्ट्या ठेवल्या. साधारण पंचवीस दिवसांनी तो दुवा कापला. या वर्णनावरून स्फूर्ती घेऊन लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. युरोपातील आधुनिक प्लास्टिक सर्जरीची सुरुवात पुष्कळदा येथून सांगितली जाते.

आपल्या विषयाशी याचा संबंध असा. ज्याचे कपाळ अरुंद आहे त्याच्यासाठी कातडी घेताना वरच्या केसाळ भागापर्यंत जावे लागते. मग नव्या नाकावर केस उगवतात! नाकाची जागा नाकाची असली तरी कातडी डोक्याची असते आणि ती आपला स्वभाव सोडत नाही. शल्यविशारदांना हे उपद्रव म्हणून ठाऊक होते. ते केस उपटावे लागत. या उपद्रवातच एक नियम दडलेला आहे, हे लक्षात यायला आणखी बराच काळ जावा लागला.

जपानमध्ये शोजी ओकुदा या त्वचारोगतज्ज्ञाने १९३९ मध्ये एक लेखमाला प्रसिद्ध केली. भाजल्यामुळे किंवा व्रणांमुळे जेथे केस उरले नव्हते, अशा जागी त्यांनी लहान पोकळ नळीच्या धारेने केसाळ कातडीचे गोल काढून बसवले होते. १९४३ मध्ये तामुरा यांनी त्याहून बारीक, अगदी एकेका केसाचीही रोपे वापरली. पण युद्धाच्या धामधुमीत आणि जपानी भाषेच्या आड हे काम पाश्चात्त्य जगापर्यंत पोहोचलेच नाही. ते वेळेवर पोहोचले असते, तर पुढची चाळीस वर्षांची चूक कदाचित टळली असती, असे मला राहून राहून वाटते.

न्यूयॉर्कचे नॉर्मन ऑरेंट्राइक यांना या जपानी कामाची माहिती नव्हती. त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा होता. टक्कल पडते तेव्हा दोष जागेचा की केसाच्या मुळाचा? त्या काळी पुष्कळ जण म्हणत, की डोक्याच्या वरच्या भागाची कातडी ताणलेली असते, तिला रक्त कमी मिळते, म्हणून केस जातात. ऑरेंट्राइक यांनी केलेला प्रयोग प्रत्येक विज्ञान-शिक्षकाने वर्गात सांगावा असा आहे. त्यांनी चारही प्रकारची अदलाबदल करून पाहिली. केसाळ कातडीचा गोल टकलावर लावला, टकलाचा गोल केसाळ भागात लावला, केसाळ गोल केसाळ भागातच दुसरीकडे लावला आणि टकलाचा गोल टकलावरच दुसरीकडे लावला. शेवटचे दोन कशासाठी, असे विद्यार्थी विचारतील. ते तुलनेसाठी. नुसते उचलून लावण्यानेच केस मरत किंवा उगवत नाहीत ना, हे त्यांतून कळते. निकाल स्पष्ट होता. टकलावर लावलेल्या केसाळ गोलात केस वाढत राहिले आणि केसांच्या रानात लावलेला टकलाचा गोल टक्कलच राहिला. दोष जागेचा नव्हता, मुळाचा होता. पहिले रोपण त्यांनी १९५२ मध्ये केले आणि प्रबंध १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. या नियमाला त्यांनी नाव दिले, त्याचा मराठी अर्थ 'दात्याचे वर्चस्व' असा होईल.

हा नियम शंभर टक्के कडक नाही, हे पुढे दिसले. डोक्यावरचे केस पायावर लावले तर ते उगवतात, पण वाढतात सावकाश, असे कोरियात झालेल्या प्रयोगांवरून २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे खाचराचाही थोडा हात असतो. पण ते असो. टकलाच्या बाबतीत ऑरेंट्राइक यांचा नियम खरा ठरला आणि त्यावर एक व्यवसाय उभा राहिला.

तो नियम एक गोष्ट मात्र सांगत नव्हता. लावलेले केस टिकतील, हे तो सांगतो. न लावलेले, तेथे आधीपासून असलेले केस टिकतील की नाही, याबद्दल तो काहीच बोलत नाही.

वास्तविक त्याचे उत्तर तोवर येऊन गेले होते. अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवले, की वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण काढले गेले आहेत अशा पुरुषांना टक्कल पडत नाही. त्यांना पुरुषी संप्रेरक टेस्टोस्टेरॉन दिले, की ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांना ते पडू लागते. औषध बंद केले की टक्कल वाढायचे थांबते, पण गेलेले केस परत येत नाहीत. या संप्रेरकापासून शरीरात बनणाऱ्या डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमुळे कपाळावरची आणि टाळूवरची संवेदनशील मुळे प्रत्येक चक्रात थोडी थोडी आखडत जातात. जाड केसाच्या जागी बारीक केस येतो, त्याच्या जागी लव, आणि शेवटी काही नाही. डोक्याच्या मागची आणि कानांच्या वरची मुळे या संप्रेरकाला दाद देत नाहीत. हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये टकलाच्या पायऱ्यांचे वर्गीकरण केले आणि १९७५ मध्ये नॉरवुड यांनी ते सुधारले. त्यातला खरा धडा असा, की हे टक्कल ही एक स्थिती नसून चाल आहे. ती कोणाची चाळिशीत थांबते, कोणाची सत्तरीपर्यंत चालू राहते. (टक्कल आईच्या वडिलांवरून येते, हा समज अर्धाच खरा आहे. एक महत्त्वाचे जनुक आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावर आहे खरे, पण इतर कितीतरी जनुके दोन्हीकडून येतात.)

सगळीच केसगळती या प्रकारची नसते. चाई पडते ती वेगळी. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या काही गावांत अनेकांचे केस काही दिवसांत गळाले, तो प्रकारही वेगळा. विंचूदंशावरील कामासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तेथे गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. अशा गळतीत मूळ शाबूत असते आणि केस परत येऊ शकतात. येथे रोपणाचा प्रश्नच नाही.

आता थोडे गणित करू. ऑरेंट्राइक यांच्या पद्धतीत ४ मिलिमीटर व्यासाचे गोल वापरत. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १२.५ चौरस मिलिमीटर. डोक्याच्या मागे दर चौरस मिलिमीटरला दीड ते दोन केस धरले, तर एका गोलात वीसएक केस आले. वहीवर ४ मिलिमीटरचे वर्तुळ काढून त्यात वीस ठिपके द्यायला मुलांना सांगा. मग तसेच दुसरे वर्तुळ चार-पाच मिलिमीटर सोडून काढायला सांगा. जे दिसेल ते आरोपण केलेल्या डोक्याचे चित्र. बसवलेला गोल भरून येताना आकसतो, त्यामुळे केस आणखी दाटीने उभे राहतात. गोल चारहून मोठा घेतला तर मधल्या मुळांपर्यंत प्राणवायू पोहोचत नाही आणि ती मरतात. चारच्या गोलातही कधी कधी तसे होई आणि मेदूवड्यासारखे मध्ये भोक असलेले केसांचे कडे तयार होई. इंग्रजीत या रूपाला 'बाहुलीचे केस' म्हणत. प्लास्टिकच्या बाहुलीच्या डोक्यात केसांचे झुबके ओळीने टोचलेले असतात, तसे. आपल्याकडचे म्हातारे बघतील तर म्हणतील, चूड फार जाड धरला.

समजा, १९८० साली पंचविशीतला एक तरुण, मूळचा पाटणकडचा, मुंबईत बँकेत नोकरीला आहे. लग्न ठरायचे आहे. कपाळाच्या दोन्ही बाजूंना खाचे पडू लागले आहेत. गावाकडे वडिलांच्या डोक्यावर टोपी असते, त्यामुळे घराण्यात टक्कल किती, हे त्याने नीट पाहिलेलेही नाही. तो पुढच्या रेषेवर साठ-सत्तर गोल बसवून घेतो. मागे मूळचे दाट केस असल्यामुळे गोल त्यांत मिसळून जातात. पाच-सात वर्षे सगळे ठीक. पस्तिशीत मागचे मूळ केस विरळ होतात आणि पुढे ओळीने झुबके उघडे पडतात. पंचेचाळिशीत त्या झुबक्यांच्या मागे मोकळे मैदान आहे. हे नुसत्या टकलापेक्षा वाईट, कारण टक्कल निसर्गात दिसते, हे दिसत नाही. शिवाय विशीतल्या मुलाच्या कपाळाला शोभेल एवढी खाली आखलेली केसांची रेषा आता सुरकुतलेल्या कपाळावर आहे. डोके तुळतुळीत करावे, तर कपाळावर गोलांचे उंचवटे आणि मागे, जेथून गोल काढले तेथे, पांढरे वाटोळे वण. त्या काळी ती भोके बहुधा न शिवता तशीच भरू देत.

अशा माणसाला प्रथम सुचवले जाई ते आणखी गोल. मागच्या मैदानात आणखी शंभर, पुढच्या वर्षी आणखी शंभर. दुसरा मार्ग म्हणजे १९७० च्या दशकात आलेला टाळू लहान करण्याचा. टकलाची पट्टी कापून काढायची आणि दोन्ही बाजूंची केसाळ कातडी ओढून शिवायची. पण कातडी पुन्हा ताणली जाई, मधोमध वण राही आणि टक्कल पुढे चालूच राहिल्यामुळे तो वण एके दिवशी उघडा पडे. म्हणजे दुरुस्तीचीच दुरुस्ती.

गोष्ट बदलली ती सूक्ष्मदर्शकामुळे. मिशिगनचे रोगनिदानतज्ज्ञ जॉन हेडिंग्टन यांनी १९८४ मध्ये डोक्याच्या कातडीचे आडवे काप पाहिले. केस एकेकटे सुटे उगवत नाहीत. एक ते चार केसांचे लहान गट असतात, प्रत्येक गटाला स्वतःच्या तेलग्रंथी, स्वतःचा बारीक स्नायू आणि भोवती पातळ वेष्टन असते. निसर्गानेच बांधलेला चूड तो! टेक्सासचे बॉबी लिमर यांनी १९८८ पासून मागची पट्टी काढून ती दोन्ही डोळ्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली या नैसर्गिक गटांत सोडवायला सुरुवात केली आणि १९९४ मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली. रॅसमन आणि बर्नस्टाइन यांनी ती पुढे नेली. २००२ मध्ये पट्टी न काढता एक मिलिमीटरच्या आसपासच्या नळीने एकेक गट थेट उपसून काढण्याची पद्धत त्यांनी वर्णन केली. आज जाहिरातींत दिसते ती बहुतेक हीच.

याच साधनांनी जुनी लावण उपटता येऊ लागली. पूर्वी जुना झुबका नको असेल तर तो कापून फेकत किंवा विजेने मुळे जाळत. दोन्हीत केस वाया जाई. नव्या विचारात जुना झुबका हाच तरवा मानला. झुबक्यापेक्षा थोडी लहान नळी घेऊन, त्यावर जराशी एका कडेला धरून, त्याचा मोठा भाग काढायचा. एक चंद्रकोर मागे राहते, तेवढे चार-पाच केस तेथे शोभून जातात. भोक टाक्याने बंद करायचे. निघालेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली नेऊन गट सुटे करायचे आणि त्याच दिवशी दुसरीकडे लावायचे. वीस केसांच्या एका झुबक्यातून असे आठ-दहा गट मिळण्याची शक्यता असते. जुन्या झुबक्यातली काही मुळे व्रणात अडकलेली, वाकडी झालेली असतात, त्यामुळे सगळी वाचत नाहीत.

काढायचे की झाकायचे, हा निर्णय मात्र साधनांवर ठरत नाही. झुबके योग्य उंचीवर असतील आणि नुसतेच जाड दिसत असतील, तर त्यांच्या पुढे एकेका केसाची विरळ ओळ आणि मधल्या जागेत लहान गट लावून ते झाकता येतात. पण रेषाच फार खाली आखलेली असेल, तर झाकण्यासाठी आणखी पुढे लावावे लागेल, म्हणजे ती आणखी खाली येईल. तेथे आधी काढलेच पाहिजे. केसांची दिशाही बघावी लागते. कपाळावरचे केस कातडीशी लहान कोन करून पुढे झुकलेले असतात. जुने झुबके बहुधा सरळ उभे असत, आणि उभा केस कंगव्याने बसत नाही. हे काम एका बैठकीत होत नाही. काढलेली जागा भरून यायला महिने लागतात. नव्याने लावलेला केस दोन-चार आठवड्यांत गळतो, मूळ विसावते, आणि तीन-चार महिन्यांनी नवा केस डोके वर काढतो. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या वेगाने तो वाढतो, तेव्हा एका बैठकीचे फळ नीट दिसायला वर्ष जाते.

सगळ्यात मोठी अडचण तरव्याची. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. टक्कल पूर्ण पडले तर उघडी होणारी जागा २०० चौरस सेंटिमीटरच्या घरात जाते. तेथे मूळचे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ८० गट, म्हणजे १६ हजार गट होते. मागच्या कायम टिकणाऱ्या पट्ट्यातून, तो विरळ दिसू न देता, उभ्या आयुष्यात फार तर सहा-सात हजार गट काढता येतात. निम्म्याहून कमी. हा पट्टा नेमका कोणता, हे पाहण्यासाठी कॅनडाचे वॉल्टर अंगर यांनी म्हाताऱ्या पुरुषांची डोकी तपासून त्याच्या सीमा १९९४ मध्ये आखून दिल्या. त्या सीमेबाहेरून घेतलेला केस दात्याच्याच नियमाने वागतो. जेथून आणला तेथला केस जायचा असेल, तर लावलेल्या जागीही तो जातो. जुन्या पद्धतीत गोलांच्या मधल्या फटी आणि वण यांत हा तरवा अतोनात वाया गेलेला असे. म्हणून दुरुस्तीला आलेल्या माणसाकडे बहुधा सर्वांत कमी शिल्लक असते आणि गरज सर्वांत जास्त. अलीकडे अशा वेळी दाढीचे केस घेतात. ते डोक्यावरही दाढीसारखेच राठ राहतात, तेव्हा पुढच्या रेषेवर चालत नाहीत, मागे भर म्हणून चालतात.

आता हे सगळे जुन्या काळाचे झाले, असे मात्र समजू नये. उपसण्याची नळी एक मिलिमीटरची झाली म्हणून बाविशीतल्या मुलाचे टक्कल पुढे कोठवर जाईल, हे कळत नाही. त्याच्यासाठी खाली रेषा आखून एका दमात तीन हजार गट वापरून टाकले, तर पुढे झुबके दिसणार नाहीत, पण पुढे पट्टा आणि मागे मैदान हे चित्र तेच राहील. मागची कायम जागाही बारीक वणांनी चाळणीसारखी दिसू लागते. म्हणून जाणते शल्यविशारद तरुणांना थांबायला सांगतात, किंवा आधी औषधे देऊन चाल मंदावते का ते पाहतात. मिनॉक्सिडिलला अमेरिकेत १९८८ मध्ये आणि गोळीच्या रूपातल्या फिनास्टराइडला १९९७ मध्ये या कामासाठी मान्यता मिळाली. दोन्ही औषधे घेत राहिले तरच गुण टिकतो, आणि दुसऱ्याचे काही दुष्परिणाम डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावे लागतात. थांबा म्हणणाऱ्या डॉक्टरची जाहिरात मात्र एस.टी. स्टँडच्या भिंतीवर नसते. २०१९ मध्ये मुंबईत रोपणानंतर एका माणसाचा मृत्यू झाला, दिल्लीतही तसे घडले. त्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मार्गदर्शक सूचना आल्या, की ही शस्त्रक्रिया आहे, ती रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच करावी, आणि कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे म्हणजे शिक्षण नव्हे.

आपला १९८० सालचा तरुण आता सत्तरीचा आहे. तो दुरुस्तीला गेला, तर चांगला शल्यविशारद प्रथम त्याच्या कपाळाकडे बघणार नाही. तो त्याला पाठ करून बसवील, मागचे केस विंचरून वर धरील आणि भिंगातून एका चौरस सेंटिमीटरमध्ये किती गट उरले आहेत ते मोजील.